नेदरलँड्सचा अभ्यास करायचाय? जायफळापासून सुरुवात करा

श्रीखंडात जायफळ किसताना नेदरलँड्स कुणाला आठवत नाही, आणि आठवायचं कारणही नाही. पण डच घरात फ्लॉवर किंवा फरसबी उकडली की तेही वरून जायफळ किसतात, आणि विचारलं तर सांगतात, "आमच्या आजीची पद्धत." जायफळाचं झाड तिकडच्या थंडीत एक हिवाळासुद्धा काढणार नाही. मग ते आजीच्या हातात आलं कुठून? हा प्रश्न ज्याला पडला त्याचा अभ्यास सुरू झाला, असं मी समजतो.

शिकायला किंवा नोकरीला नेदरलँड्सला गेलेल्या, जाऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींपैकी काहींना सायकली, ट्यूलिप आणि पवनचक्क्यांच्या पलीकडचा देश समजून घ्यायचा असतो. काहींनी तर डच संस्कृती आणि समाज हाच विषय घेतलेला असतो. 'वाचू काय, सुरुवात कुठून करू' असं विचारणाऱ्यांसाठी हा लेख आहे. मी 'चिकित्सक' हा शब्द वापरणार आहे. चिकित्सा म्हणजे शिव्या देणं नव्हे, हे आधीच सांगतो. वैद्य रोग्यावर चिडून नाडी पाहत नाही.

आधी नाव नीट घ्या

आपल्याकडे अजून सर्रास 'हॉलंड' म्हणतात. देशाच्या 12 प्रांतांपैकी उत्तर हॉलंड आणि दक्षिण हॉलंड हे फक्त दोन. अॅमस्टरडॅम, रॉटरडॅम, हेग ही नामांकित शहरं याच दोन प्रांतांत असल्यामुळे अख्ख्या देशाला त्यांचं नाव चिकटलं. त्यामुळे ईशान्येचा ख्रोनिंगन, स्वतःची अधिकृत भाषा असलेला फ्रीसलँड, कॅथलिक वळणाचा दक्षिण भाग हे सगळं चित्रातून गळतं. पुण्या-मुंबईवरून महाराष्ट्र ओळखण्यासारखंच हे.

दुसरी गोष्ट, 'नेदरलँड्सचं राज्य' आणि 'नेदरलँड्स देश' एक नव्हेत. राज्यात चार देश आहेत: नेदरलँड्स, अरुबा, कुरासाव आणि सिंट मार्टेन. शेवटचे तिन्ही कॅरिबियन समुद्रात. शिवाय बोनेर, सिंट युस्टेशियस आणि साबा ही तीन बेटं 10 ऑक्टोबर 2010 पासून थेट नेदरलँड्सच्या विशेष नगरपालिका झाली. बोनेरचा रहिवासी डच नागरिक असतो, बोलतो पापियामेंतू आणि बाजारात देतो अमेरिकन डॉलर. अभ्यासाच्या पहिल्या दिवशी भिंतीवर नकाशा लावणार असाल तर तो युरोपचा लावू नका, जगाचा लावा.

आणि आपला जुना शब्द विसरू नका: वलंदाज. पोर्तुगिजांच्या तोंडून आलेला हा शब्द मराठीत कित्येक शतकं आहे, कारण ही माणसं आपल्या किनाऱ्यावर होती. त्याबद्दल शेवटी.

भाषा: बोलता नाही आली तरी वाचता यायला हवी

इंग्रजीवर भागेल असं सगळे सांगतील, आणि दुकानात भागतंही. अभ्यासात भागत नाही. डच लोक बाहेरच्यांशी इंग्रजीत जे बोलतात आणि आपापसांत डचमध्ये जे भांडतात, त्यात बरंच अंतर असतं. तुम्हाला भांडण वाचायचंय.

सुरुवातीला मुलांच्या बातम्या बघा. सार्वजनिक वाहिनीवर 'येउख्तजर्नाल' हा लहान मुलांसाठीचा बातम्यांचा कार्यक्रम 1981 पासून चालू आहे. वाक्यं छोटी, विषय मात्र मोठ्यांचेच. वाचनासाठी राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'डेल्फर' हे संकेतस्थळ फुकट आहे. त्यावर सतराव्या शतकापासूनची वर्तमानपत्रं आणि पुस्तकं शोधता येतात. गंमत म्हणून रोमन लिपीत, जुन्या डच धर्तीवर 'माहरात्तेन' टाकून बघा. मराठ्यांच्या बातम्या अॅमस्टरडॅमच्या वाचकाला कशा मिळत होत्या ते दिसेल. उच्चाराचं सांगायचं तर डच 'ग' हा घशातला 'ख' आहे. मराठी माणसाला तो अवघड जाऊ नये, पण पहिल्या महिन्यात घसा बसतो खरा.

एक वस्तू धरा आणि ती देशाबाहेर जाईपर्यंत सोडू नका

ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी. 'डच समाज' असा मोठा विषय घेऊन बसलात तर महिनाभरात सारांशांचे सारांश वाचत बसाल. त्याऐवजी एक छोटी वस्तू घ्या. आपण जायफळ घेऊ.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जगातलं जवळपास सगळं जायफळ आज इंडोनेशियात असलेल्या बांदा नावाच्या इवल्याशा बेटांवरून येत होतं. 1602 साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीला, म्हणजे व्हीओसीला, त्याचा मक्ता हवा होता. बांदाचे लोक मात्र जो बरा भाव देईल त्याला माल विकत होते. जावानी, अरब, इंग्रज, कुणालाही. 1621 साली कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीतरसोन कून फौज घेऊन आला. बेटांवरच्या प्रमुखांपैकी 44 जणांची मुंडकी कंपनीने भाड्याने ठेवलेल्या जपानी शिपायांकडून उडवण्यात आली. बाकीचे लढाईत, उपासमारीने, डोंगरकड्यांवरून पडून मेले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. साधारण पंधरा हजारांच्या वस्तीतले हजारभरच बेटांवर उरले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मग जमिनीचे तुकडे पाडून ते कंपनीच्या माणसांना दिले आणि राबायला बाहेरून गुलाम आणले.

इथवर बऱ्याच पुस्तकांत सापडेल. पण वस्तू सोडू नका म्हटलं ते यापुढच्यासाठी. काही बांदाकर पळून केई बेटांवर गेले. त्यांच्या वंशजांच्या गावांत बांदाची जुनी भाषा आजही बोलली जाते. खुद्द बांदा बेटांवर ती उरली नाही. म्हणजे 'बांदाचे लोक संपले' हे वाक्य, कितीही कळवळ्याने लिहिलेलं असलं तरी, चुकीचं आहे. कळवळा आणि अचूकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चिकित्सक म्हणवणाऱ्या लिखाणातही पहिल्याच्या नादात दुसरा सुटतो.

तसंच 'डचांनी बांदापैकी रन बेटाच्या बदल्यात इंग्रजांना मॅनहॅटन देऊन टाकलं' ही खुसखुशीत गोष्ट. 1667 च्या ब्रेडाच्या तहात तसा सौदा झाला नव्हता. युद्धात ज्याने जे बळकावलं होतं ते त्याच्याकडे राहिलं, एवढंच. गोष्ट मात्र अशी सांगतात की जणू दोन शहाण्या व्यापाऱ्यांनी हसतखेळत अदलाबदल केली. रनवर कोण राहत होतं आणि मॅनहॅटनवर कोण, हा प्रश्न त्या गोष्टीत येतच नाही.

आता परत नेदरलँड्समध्ये या. होर्न हे कूनचं जन्मगाव. अॅमस्टरडॅमहून ट्रेनने पाऊणएक तास. तिथल्या चौकात त्याचा पुतळा उभा आहे. तो कधीचा? 1893 चा. म्हणजे बांदानंतर पावणेतीनशे वर्षांनी, आज इंडोनेशियात असलेल्या आचे प्रांतात डच फौजा लढत असताना आणि साम्राज्याला वीरपुरुषांची गरज असताना. पुतळा कुणाचा आहे याइतकंच तो कोणत्या साली उभारला हे विचारायची सवय लावून घ्या. 2011 मध्ये एका क्रेनच्या धक्क्याने कून खाली पडला. 'आता पडलाच आहे तर राहू द्या' म्हणणारेही गावात होते. पण तो पुन्हा उभा केला, फक्त खालच्या पाटीवरचा मजकूर बदलला. आता त्यात त्याच्यावरच्या आक्षेपांचाही उल्लेख आहे. ती पाटी उतरवून घ्या. कोणतं क्रियापद कर्तरी आहे, कोणतं कर्मणी, ते बघा.

एका जायफळातून व्यापार, हत्याकांड, गुलामी, राष्ट्रवाद, स्मारकं आणि आजचं नगरपालिकेचं राजकारण एवढं बाहेर येतं. जायफळ नको असेल तर साखर घ्या, कॉफी घ्या, किंवा हेगमध्ये कुठेही मिळणारी सुरिनामी रोटी घ्या. रोटीबरोबर बटाटा, चवळीच्या लांब शेंगा आणि उकडलेलं अंडं येतं, आणि त्याच दुकानात जावानी पद्धतीच्या नूडल्सही असतात. हे असं का, याचं उत्तर शोधताना 1 जुलै 1863 पाशी पोचाल. त्या दिवशी सुरिनाममधली, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीतली, गुलामी कायद्याने संपली. मालकांना प्रत्येक गुलामामागे 300 गिल्डर भरपाई मिळाली. ज्यांना राबवलं होतं त्यांना काहीच नाही, उलट आणखी दहा वर्षं करार करून मळ्यांवर राहायची सक्ती. ती दहा वर्षं संपत आली तशी 5 जून 1873 ला कलकत्त्याहून 'लाला रुख' हे जहाज गिरमिटिया मजूर घेऊन सुरिनामला लागलं. 1916 पर्यंत सुमारे 34 हजार माणसं गेली. जावानी मजूर 1890 पासून. 1975 मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास यांच्यातल्या अनेकांनी नेदरलँड्स गाठलं. यात मराठी माणूस शोधत बसू नका. बहुतेक सगळे भोजपुरी-अवधी मुलखातले. पण त्यांची सरनामी बोली कानावर पडली की आपल्याला अर्धीअधिक कळते, आणि गप्पांना वाट मिळते.

शब्दांची वही

एक वही फक्त शब्दांसाठी ठेवा: कोण म्हणतं, कधीपासून, आणि कुणी म्हणायचं सोडलं. डच समाजात गेल्या दोन दशकांतली निम्मी भांडणं शब्दांची आहेत.

'सुवर्णयुग' हा शब्द सतराव्या शतकासाठी डोळे मिटून वापरत असत. अॅमस्टरडॅम म्युझियमने 2019 मध्ये तो सोडला आणि गदारोळ झाला. 'गुलाम' ऐवजी 'गुलाम केलेली माणसं' म्हणावं असा आग्रह वाढला. इंडोनेशियातलं 1947 आणि 1948-49 चं युद्ध कित्येक दशकं 'पोलीस कारवाया' या नावाने शिकवलं गेलं. लाखावर सैनिक पाठवून केलेली पोलीस कारवाई! हैदराबादची 'पोलीस अॅक्शन' माहीत असलेल्या मराठी वाचकाला हा शब्द ओळखीचा वाटेल, आणि वाटावाच. इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन 17 ऑगस्ट 1945; डचांनी सत्ता सोडली ती 27 डिसेंबर 1949 ला. यातली कोणती तारीख लेखक पहिली लिहितो त्यावरून तो कुठे उभा आहे ते कळतं.

माझा सगळ्यात आवडता शब्द मात्र आकडेवारीतला. डच सांख्यिकी कार्यालय अलीकडेपर्यंत परदेशी मुळाच्या लोकांची 'पाश्चात्त्य' आणि 'बिगर-पाश्चात्त्य' अशी विभागणी करत असे. त्यात जपान आणि इंडोनेशिया होते 'पाश्चात्त्य'. तुर्कस्तान आणि भारत 'बिगर-पाश्चात्त्य'. टोकियो पश्चिमेला आणि इस्तंबूल पूर्वेला! 2022 पासून ही विभागणी सोडली. पण वर्षानुवर्षं शाळा, गुन्हे, घरं यांवरचे अहवाल याच चौकटीत लिहिले गेले, त्यामुळे जुना तक्ता वापरताना खालची व्याख्या आधी वाचा.

कागद कुणी लिहिला?

व्हीओसीचे कागद हेग, जकार्ता, कोलंबो, केपटाउन आणि आपल्या चेन्नईत आहेत. सगळे मिळून युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत 2003 मध्ये गेले. हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली लाखो पानं घरबसल्या पाहता येतात, आणि यंत्राने वाचलेला मजकूर शोधताही येतो. सतराव्या शतकातलं स्पेलिंग मनमानी असतं, म्हणून एक नाव चार-पाच प्रकारे टाकून बघा. वेंगुर्ला 'व' ने न मिळाल्यास डब्ल्यूने मिळतो.

पण हे कंपनीचे कागद आहेत. हिशेबनीस, वखारदार, कप्तान यांनी वरिष्ठांना लिहिलेले. त्यांत 'बंडखोर' येतो तेव्हा तो आपल्या घराचं रक्षण करणारा असू शकतो. गुलाम माणूस येतो तो 'बंगालचा अमुक', 'मलबारचा तमुक' अशा लावलेल्या नावाने. हो, हिंदी महासागरातला डच गुलामांचा व्यापार भारताच्या किनाऱ्यांवरूनही चालत होता, आणि अटलांटिकवरच्या पुस्तकांत तो फारसा येत नाही. खटल्यांचे कागद वाचा. तिथे कधीकधी त्याच माणसाचा जबाब मिळतो, लेखनिकाच्या हातून का होईना.

ज्याचा अभिमान, तेच उलटून पाहा

पाण्याशी झुंज ही त्यांची आवडती कथा. समुद्राशी लढायला सगळ्यांनी एकत्र यावं लागलं, म्हणून समजूतदारपणा अंगी आला, असं सांगतात. तिच्यात तथ्य आहे. पाणी मंडळं आजही 21 आहेत, त्यांच्या स्वतंत्र निवडणुका होतात, ती स्वतंत्र कर घेतात. 1 फेब्रुवारी 1953 च्या पुरात नेदरलँड्समध्ये 1,836 माणसं गेली, आणि त्यानंतर उभे राहिलेले बंधारे पाहून कुणीही चाट पडेल. मात्र हीच कथा ख्रोनिंगनच्या शेतकऱ्याला सांगून बघा. तिथे 1959 मध्ये नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला, देश श्रीमंत झाला, आणि वायू काढून जमीन खचल्यामुळे भूकंप होऊन घरांच्या भिंती तडकल्या. 2012 मध्ये हायझिंगे गावाजवळ 3.6 तीव्रतेचा धक्का बसला. वायू काढणं कायमचं बंद झालं ते 2024 मध्ये. एकत्र बसून ठरवणाऱ्या देशात इतकी वर्षं कुणाचं म्हणणं टेबलावर आलं नाही?

सहिष्णुतेचंही तसंच. 'खेदोखन' असा एक शब्द आहे: कायद्याने मना, पण चालू देतात. कॉफीशॉपमध्ये पाच ग्रॅमपर्यंत गांजा विकलेला चालतो. दुकानदाराने तो कुठून आणला हे मात्र विचारायचं नाही, कारण बहुतेक ठिकाणी आणणं बेकायदा. पुढचं दार उघडं, मागचं बंद. हे उदारपण आहे की सोय, यावर डच लोक स्वतःच वाद घालतात. आणि 5 डिसेंबरच्या सिंटरक्लासच्या सणात तोंडाला काळं फासून 'झ्वार्ते पीत' (काळा पीत) हा सिंटरक्लासचा नोकर नाचवण्यावर कृष्णवर्णीय डच नागरिकांनी आक्षेप घेतला, तेव्हा हाच सहिष्णू समाज किती चिडला तेही वाचा. आता बहुतेक ठिकाणी चेहऱ्यावर काजळीचे चार फराटे असतात. ते सहज झालेलं नाही. माणसं रस्त्यावर उतरली, काहींना अटक झाली.

इतिहासात अडकू नका

वसाहतींचा इतिहास वाचून झाला की काम झालं, असं नवख्यांना वाटतं. आजचं सरकारी कार्यालयही तेवढंच वाचण्याजोगं आहे. पाळणाघराच्या अनुदानाचं प्रकरण बघा. करखात्याने हजारो पालकांना फसवणूक करणारे ठरवलं, सगळी रक्कम परत मागितली, घरं मोडली. जोखीम ठरवताना नागरिकत्वाची माहिती वापरली गेली. डिसेंबर 2020 मध्ये संसदीय चौकशीचा अहवाल 'अभूतपूर्व अन्याय' या अर्थाच्या नावाने आला, 15 जानेवारी 2021 ला तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुट्टे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि मार्चच्या निवडणुकीत रुट्टेंचाच पक्ष पुन्हा पहिला आला. हे सगळं एका दमात वाचायला मिळतं ते डच वर्तमानपत्रांत. म्हणून भाषेचा आग्रह धरला.

याच रुट्टेंनी 19 डिसेंबर 2022 ला गुलामीबद्दल सरकारतर्फे माफी मागितली, आणि 1 जुलै 2023 ला राजाने. त्याआधी 2006 मध्ये दुसऱ्या एका पंतप्रधानांनी संसदेत 'व्हीओसी मनोवृत्ती' परत यावी म्हणून उत्साहाने भाषण केलं होतं. मध्ये सोळा वर्षं. या सोळा वर्षांत कुणी काय केलं, हा नवख्याला पेलेल असा प्रबंधाचा विषय आहे. उत्तरात मंत्री कमी आणि सुरिनामी, अँटिलियन, इंडोनेशियन मुळाचे शिक्षक, कलाकार, कार्यकर्ते जास्त सापडतील.

आपणही चित्रात आहोत

गोऱ्यांचे अपराध मोजताना आपल्याला एक गोड समाधान मिळतं. त्यावर लक्ष ठेवा. अॅमस्टरडॅमशेजारच्या अॅमस्टलफेनमध्ये राहणारा मराठी अभियंता स्वतःला 'एक्स्पॅट' म्हणवतो आणि शेजारच्या मोरोक्कन कुटुंबाला 'मायग्रंट' म्हणतो, तेव्हा तो कुणाचा चष्मा घालून बोलतो?

दुसरं उदाहरण जुनं आहे. कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर काढलेला 'हॉर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ अॅमस्टरडॅममध्ये 1678 ते 1693 या काळात छापला. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तीन कोंकणी वैद्यांचं प्रशस्तिपत्र आहे, कोंकणीत आणि नागरी लिपीत. अॅमस्टरडॅममध्ये छापलेली आपली अक्षरं पाहून ऊर भरून येतो, माझाही आला. मग लक्षात येतं की माहितीचा मोठा वाटा इट्टी अच्युतन या एळवा जातीच्या वैद्याचा होता. वलंदाजाने चौघांचीही नावं छापली हे खरं. त्या काळच्या कोचीनमध्ये हे चौघे एका पंक्तीला बसले असते का, हा प्रश्न वलंदाजाला नव्हे, आपल्याला आहे.

अजून व्हिसा आलेला नसेल तर

वेंगुर्ल्याला जा. तिथे सतराव्या शतकातल्या डच वखारीचे अवशेष आहेत; जांभ्या दगडाच्या भिंती आणि त्यांवर चढलेली मुळं. आदिलशाहीच्या परवानगीने 1637 च्या सुमारास वलंदाज इथे आले, मुख्यतः गोव्याच्या पोर्तुगिजांची कोंडी करायला. त्याच गोव्यात 1583 ते 1588 या काळात यान हाउखन व्हान लिन्सखोतेन नावाचा तरुण डच आर्चबिशपचा कारकून म्हणून राहिला होता. पोर्तुगिजांचे जलमार्ग आणि व्यापाराची माहिती टिपून त्याने 1596 मध्ये छापली आणि डच जहाजांना वाट मोकळी झाली. वेंगुर्ल्याहून बटावियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, गेलेल्या पत्रांत विजापूरच्या आणि शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या आहेत. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी 1930 च्या दशकात महाराजांवर इंग्रजीत लिहिताना डच कागदांचा वापर केला. मोठ्या ग्रंथालयात ते खंड मिळतात.

वखारीशी जाताना सोबत वही न्या. पाटीवर काय लिहिलंय, काय नाही, ते उतरवून घ्या. मग गावात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, इथे कोण राहायचं म्हणून. पुढे कधीतरी होर्नच्या चौकात कूनच्या पाटीसमोर उभे राहाल, तेव्हा तीच वही उघडून पुढच्या पानावर लिहायला लागा.